डॅश जी न दिल्यास

“मंग नाही देल्लं तं काय होते, थे सांगा ना मले, साहेब! देल्लं तं काय होते थे मले मालूम आहे.”

“खंडारे मॅडम, तुम्ही उगाच वाद घालून राहिलात. एक ओळ लिहून टाका न. ‘माझ्याकडून चूक झाली, क्षमा असावी.’ फाइल बंद होऊन जाते.”

“फाइल तुमची बंद होते. माह्या सर्व्हिस बुकात ‘निष्काळजी’ हा शबुद उघडाच राह्यते. थो कोन पुसन?”

“अहो, सर्व्हिस बुक वाचतो कोण?”

“मी वाचतो.”

हे बोलणं चाललं होतं भोपाळहून मंडीदीपकडे जाताना लागणाऱ्या एका सरकारी कारखान्याच्या प्रशासन विभागात. कारखान्याचं नाव घेण्यात काही मतलब नाही. भोपाळच्या पिपलानीएवढी मोठी टाउनशिप नव्हती त्याची, पण जात तीच. पिवळट भिंती, हिरव्या खिडक्या, आणि माणसाची ओळख नावाच्या आधी क्वार्टरच्या नंबरावरून. टेबलाच्या पलीकडे बसलेले अरविंद लघाटे, उपव्यवस्थापक, मूळचे ग्वाल्हेरचे. अलीकडे उभी रत्नप्रभा खंडारे, मूळची दर्यापूरकडची. दोघांच्या मधे टेबलावर तिला मिळालेला मेमो. ‘नोटीस पाठवताना गंभीर निष्काळजीपणा’ असं त्यात लिहिलेलं.

दर्यापूर म्हणजे खारपाणपट्टा. तिथल्या विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही, आणि तिथल्या माणसाचं बोलणंही कुणाला गोड लागावं म्हणून बनवलेलं नसतं. रत्नप्रभा लग्न होऊन भोपाळला आली ती हीच जीभ घेऊन. नवरा शांताराम कारखान्यात फिटर. हिनं टायपिंगची परीक्षा दिली, टायपिस्ट म्हणून लागली. टाइपरायटर गेले, कॉम्प्युटर आले, ही खुर्चीवरून हलली नाही. टाउनशिपमधल्या पुण्याकडच्या बायका सुरुवातीला तिला सुधारायला बघत. “रत्नप्रभाताई, बाईमाणसानं ‘मी जाते’ म्हणायचं हो, ‘मी जातो’ नाही.” आमच्या वऱ्हाडात बाया ‘मी जातो’च म्हणतात, पिढ्यान् पिढ्या म्हणत आल्यात. रत्नप्रभानं त्यांना एवढंच विचारलं, “मी जातो म्हन्लं तं पोचत नाही का मी?” पुढे कुणी तिच्या वाटेला गेलं नाही.

आता मेमोची गोष्ट.

विभागात उदय कारखानीस नावाचा एक तरुण इंजिनीअर होता. हुशार पोरगा. त्यानं टाउनशिपभर ई-मेल पाठवायला एक प्रोग्रॅम लिहिला आणि त्याचं नाव ठेवलं ‘डाक’. त्याला बटणं नाहीत, चित्रं नाहीत. काळ्या पडद्यावर ‘डाक’ टाइप करायचं आणि पुढे एकेक आडवी रेघ आणि अक्षर देत जायचं. डॅश एस म्हणजे विषय, डॅश एफ म्हणजे मजकुराची फाइल. पाणी बंद, वीज बंद, दवाखान्याची वेळ बदलली, कुणी वारलं, सगळ्या नोटिसा ‘डाक’नं जायच्या. सेवानिवृत्तांच्याही घरी, कुणाच्या मुलाच्या फोनवर, कुणाच्या सुनेच्या.

त्या प्रोग्रॅमचं एक मदतीचं पान होतं. उदयनंच लिहिलेलं, प्लास्टिकमधे घालून रत्नप्रभाच्या पडद्याशेजारी चिकटवलेलं. प्रत्येक अक्षरापुढे एक-एक शब्द, जसा काही शब्दाला कर भरावा लागतो. आणि शेवटी: ‘डॅश जी: गट, ऐच्छिक.’

एवढंच. कुठला गट, कशासाठी, नाही दिला तर काय, काही नाही. पुण्याला चांगली नोकरी लागली तेव्हा उदयला निरोप दिला. समोसे आले, हार आला, भाषणं झाली. जाताना तो रत्नप्रभाला म्हणाला, “काही अडलं तर मदतीचं पान आहेच, ताई.” आणि गेला.

विभागात एक पद्धत होती. कुठलीही नोटीस आधी कच्ची करायची, नावानंबराच्या जागा रिकाम्या ठेवायच्या आणि आपल्याच विभागातल्या लोकांना मेल करायची. कुणाला काही बदल सुचला तर सुचला. मग नाव भरायचं आणि पक्की पाठवायची. कच्च्या नोटिसीला रत्नप्रभा डॅश जी देत नसे. ऐच्छिक आहे ना? आणि न देता ती बरोबर विभागातच जायची, कारण उदयनं त्या जुन्या मशीनवर कधीतरी ‘प्रशासन विभाग’ हा गट कायमचा बसवून ठेवला होता. हे त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं. पानावर लिहिलं नव्हतं. मशीनच्या पोटात होतं, बस.

मग उन्हाळ्याच्या तोंडाला जुनं मशीन जाऊन नवं आलं. नव्याच्या पोटात काहीच बसवलेलं नव्हतं. आणि पोटात काही नसलं की ‘डाक’ काय करते? सगळ्यांना पाठवते. अख्ख्या टाउनशिपला.

त्या दिवशीची कच्ची नोटीस होती क्वार्टर खाली करण्याची. एका माणसानं क्वार्टर भाड्यानं दिलं होतं, त्याच्यासाठी. मजकूर असा: ‘क्वार्टर क्रमांक टिंब टिंब टिंब मध्ये आढळलेल्या अनधिकृत बाबींमुळे सदर क्वार्टर पंधरा दिवसांत रिकामे करावे, अन्यथा वीज व पाणी तोडण्यात येईल.’

नंबराच्या जागी टिंबं होती. दुसऱ्या कुठल्या गावात लोक हसले असते, म्हणाले असते की नंबर लिहायचा राहिलाय. पण टाउनशिपची माणसं वेगळी. तिथल्या प्रत्येक घराला काहीतरी वाढीव असतंच. कुणी मागे पत्र्याची खोली काढलेली, कुणी म्हैस बांधलेली, कुणाचा साळा वर्षानुवर्षं पाहुणा म्हणून राहतोय, कुणी निवृत्त झाला तरी मुदतवाढीवर मुदतवाढ घेतोय. ज्यानं त्यानं त्या टिंबांवर आपापला नंबर वाचला. कुणी शेजाऱ्याला विचारलं नाही, कारण विचारलं तर आपल्याकडे काय अनधिकृत आहे ते सांगावं लागलं असतं. संध्याकाळी पाहावं तर घराघरामागे पत्रे उतरवण्याचा ठणठणाट. जो तो आपलाच गुन्हा आपल्या हातानं पाडतोय, आणि शेजारचा का पाडतोय हे न विचारता.

निवृत्त वेल्डर नीळकंठ धांडे मुलताईकडचा. मागे पत्र्याची शेड टाकून लोकांच्या खिडक्यांच्या जाळ्या जोडून द्यायचा. शेडवर गिलक्याचा वेल चढवलेला, चांगला धरलेला. त्यानं शेड पाडली, वेल गेला. खिडकीतला कूलर काढताना चौकट उखडली. मग मंडीदीपवरून टेम्पो बोलावला आणि बाग सेवनियाला त्याचं अर्धवट बांधलेलं घर होतं तिथे सामान नेऊन टाकलं. तिथे ना विजेचं मीटर ना दारांना कड्या. दुसऱ्या दिवशी ‘सदर मेल चुकीने गेला, दुर्लक्ष करावे’ अशी मेल आली तेव्हा नीळकंठ आपल्या कूलरवर बसून होता. कूलर चालत नव्हता, पण बसायला दुसरं काही नव्हतं.

तो सरळ रत्नप्रभाच्या दारात आला.

“वहिनी, पाठवलं तुम्ही?”

“मी पाठवलं, भाऊजी.”

“दुर्लक्ष करा म्हन्ते थो मेल. वेलाले कसं सांगू दुर्लक्ष कर म्हनून?”

रत्नप्रभानं त्याला चहा दिला. तो प्यायला, गेला. आणि ती त्या दिवसापासून पेटली.

मेमो तिला मिळाला. मशीन बदलणाऱ्याला मिळाला नाही. पान लिहिणाऱ्याला मिळाला नाही. नंबराच्या जागी टिंबं ठेवायची पद्धत ज्यांनी पाडली त्यांना मिळाला नाही. बटण जिनं दाबलं तिला मिळाला. सरकारी कारखान्यात चूक वरून खाली घरंगळत येते आणि शेवटच्या खुर्चीपाशी थांबते, कारण तिच्या खाली फरशी असते.

तिनं पुण्याला फोन लावला.

“उदयभाऊ, डॅश जी नाही देल्लं तं सगयाइले जाते, हे तुमाले मालूम होतं?”

“हो, अर्थात. कोडमध्ये अगदी स्पष्ट आहे, ताई.”

“कोड कोन वाचते? मी पान वाचतो. पानावर काऊन नाही लिवलं?”

“पानावर ऐच्छिक लिहिलंय की. तांत्रिकदृष्ट्या ते बरोबरच आहे. न देता प्रोग्रॅम चालतो.”

“चालते, थे दिसलं. धांड्याच्या शेडीवरून चालत गेला तुमचा प्रोग्रॅम.”

उदय हसला. वाईट मनानं नाही, पण हसला. त्याला खरंच वाटत होतं की त्याचं काम पूर्ण झालंय. रत्नप्रभानं फोन ठेवला आणि पदरानं पडदा पुसला, पुन्हा पुसला, जसं काही त्या काचेवर हसू चिकटलं होतं.

मग ती लिहायला बसली. मेमोचं उत्तर नाही, नवं मदतीचं पान. हिंदीत लिहिलं, कारण ऑफिस हिंदीचं. पण वाक्यांची ठेवण दर्यापूरची. प्रत्येक अक्षराखाली आधी ते काय करतं, मग ते नाही दिलं तर काय होतं, मग एक खरंखुरं उदाहरण, पाणी बंदच्या नोटिसीचं. डॅश एस नाही दिला तर विषयाची जागा कोरी जाते आणि लोक कचरा समजून पुसून टाकतात. डॅश ए, म्हणजे जोडपत्र, दिला आणि त्याची फाइल सापडली नाही तर ‘डाक’ थांबत नाही, जोडपत्राविनाच मेल पाठवते, गपचूप. हेही कुठे लिहिलेलं नव्हतं. विभागातल्या चार लोकांचा एक खोटा गट करून तिनं एकेक अक्षर गाळून पाहिलं होतं. काही ठिकाणी तिचा अंदाज साफ चुकला, मग पुन्हा केलं. डॅश जीखाली तिनं लिहिलं: ‘मेल कोणाला जाणार ते. नाही दिलं तर मशीनवर ठरवलेल्या गटाला जाईल. मशीनवर काही ठरवलेलं नसेल तर संपूर्ण टाउनशिपला जाईल, सेवानिवृत्तांसकट. गेलेली मेल परत घेता येत नाही.’

हे पान घेऊनच ती लघाट्यांपुढे उभी होती, जिथून आपण सुरुवात केली.

लघाट्यांनी पान उलटंसुलटं पाहिलं. “हे कोणी मागितलं होतं?”

“कोनी नाही.”

“मॅन्युअल बदलायचा तुम्हाला अधिकार नाही, मॅडम. त्याला मंजुरी लागते. तुम्ही माफी लिहून द्या न, तेवढंच मागितलंय.”

“म्हंजे जे पान अर्धं आहे थेच खरं?”

“जोपर्यंत बदलत नाही तोपर्यंत तेच अधिकृत आहे.”

हे वाक्य त्यांना फार महाग पडणार होतं, पण तेव्हा ते चहा मागवत होते.

घरी तिनं शांतारामला सांगितलं. शांताराम ज्वारीची भाकर आणि ठेचा खात होता. युनियनमधे आयुष्य घालवलेला माणूस. घास गिळून म्हणाला, “संपाची नोटीस नाही देल्ली तरी कारखाना थांबवता येते, ठाऊक आहे ना? आम्ही काय करायचो? नियमानं काम. पुस्तकात लिवलं तेवढंच करायचं, जास्तीचं काहीच नाही. पुस्तकाचे नियम पाळले का मशीन जागची हालत नाही.”

“माही तं लय हालन,” रत्नप्रभा म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून तिनं नियमानं काम धरलं. अधिकृत पानावर डॅश जी ऐच्छिक होता. तिच्या इच्छेला तो लागत नव्हता. तसं तिनं लघाट्यांना आधीच लेखी कळवलं: ‘अधिकृत पानानुसार काम करत आहे. गट आवश्यक असल्यास पानात तशी नोंद करावी.’ लघाट्यांनी त्यावर सही केली, वाचली की नाही देव जाणे.

मग एकेक मजा सुरू झाली. महिला क्लबच्या तंबोल्याचं आमंत्रण फोर्जिंगच्या कामगारांना गेलं. ऑफिसर्स क्लबच्या जेवणाचा बेत, त्यात दोन पनीरच्या भाज्या, कॅन्टीनच्या लाइनीत उभ्या असलेल्या लोकांच्या फोनवर पडला, आणि त्याच आठवड्यात कॅन्टीनच्या डाळीतून डाळ कमी झाली होती. लोक ताट घेऊन उभे राहून मोठ्यानं बेत वाचायचे. कुणीतरी वाढप्याला म्हणालं, “भैया, दोन नंबरची भाजी वाढ रे.” लघाटे रोज तिच्या टेबलाशी यायचे.

“मॅडम, हे तुम्ही मुद्दाम करून राहिलात.”

“मुद्दाम नाही, साहेब. ऐच्छिक.”

“दुसरा मेमो देईन मी.”

“देजा. त्यात लिहजा का बाईनं अधिकृत पानापरमानं काम केलं.”

लघाटे परत जायचे. मंजुरीचा कागद काही वर पाठवायचे नाहीत. त्यांना वाटायचं, बाई थकेल. त्यांना खारपाणपट्टा माहीत नव्हता. तिथली माणसं खारं पाणी पीत म्हातारी होतात, थकत नाहीत.

मे महिना लागला. टाउनशिपच्या टाक्या तळाला गेल्या. नळ दिवसाआड, तेही करंगळीएवढी धार. अशात एक कच्ची नोटीस लघाट्यांच्या टेबलावरून रत्नप्रभाकडे आली: ‘बंगला क्षेत्रातील बागांसाठी टँकर रोज सकाळी सहा वाजता येईल. संबंधितांनी नळीची व्यवस्था ठेवावी.’

रत्नप्रभानं ती वाचली. पुन्हा वाचली. तिच्या घरी सकाळपासून एक घागर भरलेली होती, तीही शांतारामनं ट्यूबवेलपाशी रांगेत उभं राहून आणलेली. ती उठून लघाट्यांकडे गेली.

“साहेब, ही कोनाले पाठवू?”

“नेहमीप्रमाणे. विभागात फिरवा आधी.”

“गट लिहून द्या. सहीनं.”

“पुन्हा तेच? मला मीटिंगला जायचंय. पाठवून टाका.”

ती परत आली आणि पाठवून टाकली. अधिकृत पानाप्रमाणे.

दुसऱ्या दिवशी सकाळी टँकर बंगल्यांच्या रस्त्याला वळला तेव्हा तिथे आधीच माणसं होती. बादल्या, कळशा, रंगाचे रिकामे डबे, एकीनं तर बाळाचा टब आणलेला. भांडण नाही, दगड नाही. नोटिशीत लिहिलं होतं, संबंधितांनी व्यवस्था ठेवावी. ते व्यवस्था घेऊन आले होते. नीळकंठ धांडे सगळ्यात पुढे, बाग सेवनियाहून परत आलेला, दोन्ही हातात डबे. टँकरवाल्यानं बागेकडे पाहिलं, माणसांकडे पाहिलं, आणि तोटी माणसांकडे सोडली. गुलाबांना त्या दिवशी काही मिळालं नाही.

त्याच दुपारी मेमो आला. या वेळी रत्नप्रभाला नाही, लघाट्यांना. ‘अंतर्गत नोटीस सार्वजनिक करण्यात गंभीर निष्काळजीपणा.’ वरच्यांनी नोटीस कुणाच्या टेबलावरून निघाली तेवढं पाहिलं. चूक घरंगळत आली ती या खेपेला एक खुर्ची वरच अडकली.

लघाट्यांनी रत्नप्रभाला बोलावलं. स्वतः खुर्ची पुढे केली. ती बसली नाही.

“मॅडम, ते तुमचं पान आहे का हो अजून?”

“कोनतं पान?”

“तेच हो. डॅश जी नाही दिलं तर काय होतं ते लिहिलेलं. मला उत्तरात जोडावं लागेल. मी लिहून राहिलोय की चूक कोणाचीच नाही, मदतीच्या दस्तऐवजातच त्रुटी आहे. न दिल्यास काय होतं, त्याची नोंदच नाही.”

संताप रत्नप्रभाच्या कानापर्यंत चढला होता.

“माह्या वक्ती मी निष्काळजी. तुमच्या वक्ती दस्तऐवजात त्रुटी?”

“अहो, तसं नाही...”

“तसंच आहे. मशीन थेच, पान थेच, डॅश थोच. खुर्ची बदलली तं चूक बदलली. म्या दोन मयने उभं राहून हेच सांगतलं, तवा तुमाले माफीची एक ओळ पाह्यजे होती. लिवा ना आता तुम्ही एक ओळ. फाइल बंद होऊन जाते.”

लघाट्यांचं तोंड लहान झालं. बाजूच्या टेबलांवर टाइप करण्याचे आवाज थांबले होते.

“पान देतो मी,” ती म्हणाली. “पन त्याच कागदात माह्या मेमोचं बी लिवा. त्याच त्रुटीनं झालं, म्हनून रद्द. दोन्ही एका सहीनं. नाही तं पान माह्या जवय राह्यते, तुमी तुमचं लिवून घ्या.”

लघाट्यांनी लिहिलं. दुसरा इलाज नव्हता. पान नवं लिहायचं तर एकेक अक्षर गाळून पाहावं लागलं असतं, आणि ते करायला त्यांना वेळही नव्हता, धीरही नव्हता. वरून दोन्ही मेमो रद्द होऊन आले. सर्व्हिस बुकात ‘निष्काळजी’ चढलं नाही. तिनं स्वतः जाऊन ते बुक उघडून पाहिलं, कारण वाचणारी तीच होती.

नवं मदतीचं पानही मंजूर होऊन आलं, कडक कागदावर, मोहोर मारलेलं. खाली छापलं होतं: ‘तयार करणार: अ. लघाटे.’ शेजारच्या टेबलावरच्या कल्पनाला राग आला. “ताई, नाव तरी तुझं टाकायचं!” रत्नप्रभानं नावाकडे फारसं पाहिलं नाही. ती डॅश जीच्या ओळी वाचत होती. न दिल्यास टाउनशिपला जाईल, होतं. सेवानिवृत्तांसकट, होतं. ‘गेलेली मेल परत घेता येत नाही’ हे वाक्य मात्र गाळलं होतं. वर कुणाला तरी ते बरं दिसलं नव्हतं.

“नाव जाऊ दे खड्ड्यात,” ती म्हणाली. “हे काऊन काढलं? धांड्याचा वेल आला का वापस?”

तिनं बॉलपेन घेतलं आणि मोहोरेच्या वर, जाड अक्षरात, ते वाक्य पुन्हा लिहिलं. मग पान पडद्याशेजारी चिकटवलं. जुनं फाडून टोपलीत टाकलं.

नीळकंठनं तोवर मागे पुन्हा शेड उभी केली होती. आधीपेक्षा हातभर मोठी, तितकीच अनधिकृत. रत्नप्रभानं त्याला बाजारात गाठून विचारलं होतं, “पुन्हा नोटीस आली तं, भाऊजी?” तो म्हणाला, “आता आधी नंबर पाहीन, वहिनी.” वेल नवा लावला नव्हता. या उन्हात जगत नाही, म्हणाला.

पाणी विभागातून कागद आला. उद्या नळ येणार नाही. रत्नप्रभानं खुर्ची पुढे ओढली. काळ्या पडद्यावर ‘डाक’ लिहिलं, डॅश एस दिला, डॅश एफ दिला. मग डॅश जी दिला, पुढे गटाचं नाव लिहिलं, बोट ठेवून एकेक अक्षर वाचलं, आणि बटण दाबलं. मग त्याखालचा, पुढच्या नोटिसीचा कागद उचलला. दवाखान्याची वेळ बदलली होती.